आक्कांचा वाटपाचा दावा आणि तालुक्याला मिळालेलं दुसरं कोर्ट

ही हकिकत सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी कोर्टातली आहे. वादीच्या संमतीनं लिहितो आहे. गाव, तालुका आणि काही तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. वादीच्या वकिलांच्या ऑफिसात मी आधी ज्युनिअर होतो. सरांची तब्येत बिघडल्यावर हा दावा माझ्याकडंच आला. म्हणजे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे, आणि तो पुढं येईलच.

पार्श्वभूमी

वादी म्हणजे आक्का. माहेर काळ्या रानाचं, रब्बी ज्वारीचं गाव. १९७५ साली लग्न होऊन सोलापुरात आल्या. नवरा गिरणीत होता. गिरणीचं काम सुटल्यावर घर चाललं ते आक्कांच्या शिलाई मशीनवर. शाळेच्या गणवेशांची कामं घेऊन त्यांनी दोन मुलांचं शिक्षण केलं. माहेरी वडिलांची ९ एकर जमीन, मधोमध विहीर. वडील १९९८ ला गेले, आई २००९ ला. मागं दोन भाऊ आणि दोन बहिणी. जमीन थोरल्या भावाच्या, अण्णांच्या वहिवाटीत. आई असेपर्यंत संक्रांतीला ज्वारीचं पोतं यायचं. आई गेली आणि पोतं थांबलं.

२०१२ मध्ये अण्णांनी त्यातली एक एकर परस्पर विकली. हे आक्कांना कळलं ते एका लग्नात, पंगतीत बसल्यावर. त्या आठवड्यातच त्या सातबाऱ्याचा उतारा घेऊन ऑफिसात आल्या. वाटप आणि स्वतंत्र ताब्यासाठी दावा दाखल झाला, प्रतिवादी सहा. त्यात दोन भाऊ, धाकटी बहीण, जमीन घेणारा आणि घरातले आणखी दोघं. अण्णांची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, असं होतं की १९८६ मध्ये घरात तोंडी वाटणी झालेली आहे, बहिणींनी तेव्हाच हक्क सोडला आहे, आता मागायला काही उरलेलंच नाही.

दाव्याचा सगळा कणा इथं होता. १९८६ ला अशी काही बैठक झाली का? झाली असेल तर तिथं कोण होतं? हयात असलेला एकच माणूस हे सांगू शकत होता, आक्कांचे मामा. दावा लागला तेव्हा त्यांचं वय ७५ च्या पुढं होतं. ते म्हणत, “वाटणी कसली? त्या साली मी आठ दिवस तिथंच होतो. विहिरीचं काम चाललं होतं. कागद नाही, पंच नाही, नारळ नाही.”

अडचण

तालुक्याला तेव्हा कनिष्ठ स्तराचं एकच न्यायालय होतं. कनिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश हेच प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारीही असतात, हे कोर्टाची पायरी न चढलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. सकाळी पोलीस आरोपी घेऊन आले की आधी रिमांड, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का ते बघणं. मग जामीन, मग चेक न वटल्याचे खटले, पोटगी, कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज, अपघात, मारामाऱ्या. कोठडीतल्या माणसाचं आधी ऐकायचं हे बरोबरच आहे. पण या सगळ्यातून उरलेल्या वेळात दिवाणी दावे चालतात, आणि उरतं फार थोडं.

एका दिवसाचा हिशोब माझ्या डायरीत आहे. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीत, ९४ प्रकरणं. जेवणाची सुट्टी वगळून कोर्टाचं कामकाज सुमारे साडेपाच तास, म्हणजे ३३० मिनिटं. वाट्याला साडेतीन मिनिटं. पट्टेवाल्यानं पुकारा करायचा, पक्षकारानं व्हरांड्यातून आत यायचं, वकिलानं उभं राहायचं आणि पुढची तारीख घ्यायची, एवढ्यालाच साडेतीन मिनिटं लागतात. त्यात उलटतपास कुठं बसवायचा?

समन्स बजावण्यात वर्ष गेलं, कारण समन्स पोचवणारा बेलिफ एक आणि गावं सगळ्या तालुक्याची. मनाईच्या अर्जावर जमीन पुढं विकू नये असा हुकूम मिळाला, ती एक जमेची बाजू. २०१५ ला मुद्दे निघाले, म्हणजे कोणत्या प्रश्नांवर निकाल द्यायचा ते कोर्टानं ठरवलं. २०१६ ला धाकटी बहीण वारली आणि तिच्या मुलांना वारस म्हणून रेकॉर्डवर घेण्यात सहा महिने गेले. त्याच वर्षाच्या शेवटी आक्कांचं सरतपासाचं, म्हणजे स्वतःच्या बाजूनं द्यायच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र दाखल झालं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांचा उलटतपास सुरू झाला, वीस मिनिटं चालला, आणि एक रिमांड आलं म्हणून थांबला. नऊ प्रश्न झाले होते.

उन्हाळी सुट्टीनंतर न्यायाधीश साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. चौदा महिने खुर्ची रिकामी होती. शेजारच्या तालुक्यातले न्यायाधीश आठवड्यातून दोन दिवस इनचार्ज म्हणून यायचे. त्यांचं स्वतःचं बोर्ड तसंच भरलेलं. ते तातडीचं तेवढं बघायचे, बाकीच्यांना तारीख.

नंतर एकदा मी रोजनामा, म्हणजे दाव्याच्या प्रत्येक तारखेची कोर्टातली नोंद, पानापानानं मोजला. २०१२ पासून २०२२ च्या मध्यापर्यंत ८७ तारखा. त्यांतल्या ११ तारखांना दावा खरोखर पुढं सरकला. उरलेल्या ७६ पैकी २४ तारखा न्यायाधीश नव्हते म्हणून गेल्या, १६ तारखांना “कोर्टास वेळ नसल्याने” असा शेरा आहे, ८ टाळेबंदीच्या काळातल्या, १९ प्रतिवादींच्या मुदतीच्या अर्जांच्या. आणि ९ आमच्या. हा नऊचा आकडा मी दोनदा मोजला, कारण माझ्या मनात तो दोन-तीनच होता.

न्यायाधीश नसणं आणि न्यायाधीशाला वेळ नसणं या दोन कारणांत मिळून ४० तारखा गेल्या. मुदतीचे अर्ज यातून वेगळे वाटतात, पण पूर्ण वेगळे नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं लिहिलेलं आहे. पण साहेबांना माहीत असतं की अर्ज फेटाळला तरी आज साक्ष घ्यायला वेळ नाहीच. मग अर्ज मंजूर होतो. वेळ असलेल्या कोर्टात मुदत मागायची वकिलाला भीती वाटते. बोर्ड फुगलेल्या कोर्टात ती वाटत नाही.

समोरचे पर्याय

२०१८ मध्ये, खुर्ची रिकामी असताना, आक्का ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, “वकीलसाहेब, यंदा तरी लागंल का निकाल? नसंल लागत तर तसं सांगा, मी येणं-जाणं बंद करते.” एसटीचं भाडं, दिवसभराची बुडालेली शिलाई, आणि संध्याकाळी हातात पुढची तारीख. त्या दिवशी आम्ही बसून सगळे मार्ग मांडले.

पहिला, दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करून मागणं. संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांना तसा अधिकार आहे. सोलापूरला दावा गेला असता तर आक्कांची सोय झाली असती. पण साक्षीदार सगळे गावाकडचे, मामा म्हातारे, आणि सोलापूरचं बोर्डही काही मोकळं नव्हतं. तिथं आम्ही रांगेच्या शेवटी उभे राहिलो असतो.

दुसरा, उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली याचिका करून “हा दावा अमुक महिन्यांत निकाली काढा” असा हुकूम आणणं. त्यासाठी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची, तिथले वकील लावायचे. खर्च आक्कांच्या आवाक्यात नव्हता. पण सरांनी नको म्हटलं ते वेगळ्या कारणानं. “हुकूम मिळेल,” ते म्हणाले, “पण वेळ कुठून मिळणार? आपली फाईल वर आली की कुणाची तरी खाली जाते. खाली जाणारी पण कुणाची तरी आक्काच असते.” तेव्हा मला हे वकिलाला न शोभणारं वाटलं. आपल्या पक्षकाराचं बघायचं सोडून सगळ्या गावाचं कशाला बघायचं? आज मात्र वाटतं, या सगळ्या प्रकरणातली मूळ गोष्ट त्यांनी त्या एका वाक्यात सांगितली होती. वेळ तेवढाच असेल तर मुदतबंद हुकूम, ज्येष्ठ नागरिकांना प्राधान्य, जुनी प्रकरणं आधी अशा सगळ्या योजना म्हणजे त्याच पोत्यातली ज्वारी इकडून तिकडं ओतणं. पोतं दुसरं लागतं.

तिसरा मार्ग मध्यस्थीचा. कलम ८९ खाली प्रकरण मध्यस्थीला पाठवून घेतलं. अण्णा एका बैठकीला आले, चहा घेतला, “बघू” म्हणाले. जमीन त्यांच्या ताब्यात, दोन एकरांवर डाळिंब लावलेलं. प्रत्येक तारीख त्यांना एक बहार देऊन जात होती. निकाल जवळ दिसत नसेल तर ताबेदारानं तडजोड का करावी?

चौथा मार्ग अण्णांनीच सुचवला. तीन लाख घ्या आणि हक्कसोडपत्र करून द्या. आक्कांचा मुलगा तयार होता. आक्का दोन दिवस विचार करून आल्या आणि नाही म्हणाल्या. “पैसं काय, दवाखान्यात जातील. सातबाऱ्यावर बाचं नाव हाय, तिथं माझंबी पायजे.”

शेवटी आम्ही थांबायचं ठरवलं. थांबणं हाही एक निर्णय असतो, आणि आम्ही तो फार सहज घेतला. थांबण्याच्या काळात मामांचं काय, हा प्रश्न त्या दिवशी कुणीच विचारला नाही.

वकील संघाचं निवेदन

त्याच सुमारास तालुका वकील संघानं जादा न्यायालयाची मागणी पुन्हा लावून धरली. निवेदनाचा मसुदा माझ्याकडं आला. मी उत्साहानं मोठे आकडे घातले. १९८७ मध्ये विधी आयोगाच्या १२० व्या अहवालानं सांगितलं होतं की देशात दहा लाख लोकांमागं साडेदहा न्यायाधीश आहेत, ते ५० करा. २००२ मध्ये अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच पाच वर्षांत करायला सांगितलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये सरन्यायाधीश ठाकूर पंतप्रधानांसमोर हे सांगताना भरून आले, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. तरी आकडा विशीच्या आसपासच. सोलापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या ४३,१७,७५६. पन्नासच्या हिशोबानं अकरा तालुक्यांना मिळून २१६ न्यायाधीश लागतील, आणि विशीच्या हिशोबानं नव्वदसुद्धा भरत नाहीत. असं सगळं तीन पानं लिहिलं.

सरांनी ती तीन पानं बाजूला ठेवली. “लोकसंख्येचा हिशोब सगळेच तालुके देतात. आपल्या कोर्टाचा दे.” २०१४ चा विधी आयोगाचा २४५ वा अहवाल त्यांनी वाचला होता. त्यात आयोगानं लोकसंख्येचं प्रमाण मागं ठेवून विचारलं आहे की कोर्टात दर वर्षी किती प्रकरणं येतात, एक न्यायाधीश किती निकाली काढतो, आणि साठलेली संपवायला किती जण लागतील. त्यातही सहा प्रतिवादींचा वाटपाचा दावा आणि कबुलीवर दहा मिनिटांत निघणारा दंडाचा खटला दोन्ही मोजणीत “एक” धरले तर फसगत होते. म्हणून प्रकरणांना वजन देऊन न्यायाधीशांची गरज काढण्याची पद्धत पुढं आली आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या जानेवारीत इम्तियाज अहमद प्रकरणात तिच्यावर भर दिला.

मग महिनाभर मी आणि संघाचे दोन सभासद राष्ट्रीय न्यायिक माहिती जाल या कोर्टांची आकडेवारी देणाऱ्या संकेतस्थळावरून आपल्या कोर्टाचं चित्र काढत बसलो. दाखल किती, निकाली किती, पाच वर्षांवरची किती, दहा वर्षांवरची किती, साक्षीच्या टप्प्यावर अडकलेली किती. एका पानाचा तक्ता झाला. तो निवेदनाला जोडला.

पुढचा कागदाचा प्रवास लांब असतो. प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडून प्रस्ताव उच्च न्यायालयाकडं, तिथून शासनाच्या विधी व न्याय विभागाकडं, वित्त विभागाची संमती, मंत्रिमंडळाची मंजुरी, मग शासन निर्णय. त्यात न्यायाधीशाचं पद आणि कर्मचाऱ्यांची पदं, काही नियमित आणि काही बाह्ययंत्रणेद्वारे, अशी मंजूर होतात. आणि मंजूर पद म्हणजे भरलेलं पद नव्हे. कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांची भरती लोकसेवा आयोगातून होते: पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, मग नियुक्ती आणि उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण. भरती वेळेवर व्हावी म्हणून २००७ मध्ये मलिक मझहर सुलतान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं महिन्यावार वेळापत्रक आखून दिलं. तरीही देशभरातल्या जिल्हा न्यायव्यवस्थेत सुमारे २५ हजार मंजूर पदांपैकी पाचेक हजार रिकामी असतात. आमची चौदा महिन्यांची खुर्ची त्यांतलीच एक होती. नवीन पद मागणं आणि असलेलं पद रिकामं राहू न देणं, या दोन मागण्या आम्ही निवेदनात वेगवेगळ्या लिहिल्या. ते बरं केलं, असं आजही वाटतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये आमच्या कोर्टाला न्यायाधीश मिळाले. साठलेलं बोर्ड उपसण्यातच त्यांचं वर्ष गेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये मामा गेले. त्यांची साक्ष झालीच नाही. तेराव्याला गेलो तेव्हा आक्का मला काही बोलल्या नाहीत, ताटात वाढत राहिल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तातडीची कामं सोडून सगळंच थांबलं होतं.

दुसरं कोर्ट

२०२२ च्या पावसाळ्यात तालुक्याला जादा न्यायालय सुरू झालं. जुन्या रेकॉर्ड रूममधली कपाटं व्हरांड्यात काढली आणि तिथं डायस बसवला. पहिल्या आठवड्यात आत व्हार्निशचा वास होता आणि पंखा एकच, तो डायसवर. पक्षकार दारात उभे.

आमचा दावा नव्या कोर्टात वर्ग झाला. मला वाटलं आता गाडी सुटली. पहिल्या पाच तारखांना काहीही झालं नाही. फाईली मोजून ताब्यात घेणं, नवे क्रमांक, पक्षकारांना नोटिसा. लघुलेखक दोन्ही कोर्टांना मिळून एक. तो सकाळी तिकडं, दुपारी इकडं. बेलिफ वाढला नव्हता. आणि वकील तेवढेच. एकाच वेळी दोन हॉलमध्ये पुकारा व्हायचा आणि आम्ही व्हरांड्यातून पळायचो. नव्या कोर्टातल्या एका तारखेच्या रोजनाम्यात “वादीचे वकील दुसऱ्या कोर्टात व्यस्त” असा शेरा आहे. तो माझा.

सहाव्या तारखेपासून मात्र फरक दिसायला लागला. नव्या साहेबांनी दहा वर्षांवरच्या दाव्यांची यादी काढली आणि प्रत्येकात दोन्ही वकिलांना बसवून साक्षींचं वेळापत्रक लिहून घेतलं: कोणता साक्षीदार, कोणत्या दिवशी, जेवणाआधी की नंतर. त्यांचं बोर्ड चाळीसच्या आत होतं, म्हणूनच हे शक्य होतं. सरकारी अभियोक्ता दोन कोर्टांत विभागलेले असल्यानं नव्या कोर्टात आठवड्याचे दोन दिवस फौजदारी काम कमी असायचं. ते दोन दिवस दिवाणी साक्षींना मिळाले. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. पण पाच-सहा जुन्या दाव्यांचं त्यानं भलं केलं.

आक्कांचा उलटतपास पुन्हा सुरू झाला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. जबानीच्या कागदाचं तिसरं पान २०१७ चं, खाली एका न्यायाधीशांची सही. चौथं पान २०२२ चं, सही दुसऱ्यांची. मध्ये फक्त “उलटतपास पुढे चालू” एवढी ओळ. नववा प्रश्न आणि दहावा प्रश्न यांच्यात पाच वर्षं. आक्का ६७ वर्षांच्या झाल्या होत्या; साहेबांनी पिंजऱ्यात खुर्ची द्यायला सांगितली. समोरच्या वकिलांनी विचारलं, “विहीर खोदली तेव्हा तुम्ही हजर होता का?” आक्का म्हणाल्या, “हजर नव्हते. बाळंतपणाला आले हुते, माती उपसायचा आवाज घरात येत हुता.” साहेबांनी ते उत्तर मोठ्यानं वाचून टंकलेखकाला सांगितलं, मग आक्कांकडं बघून विचारलं, “असंच म्हणायचंय ना आजी?” दोन तास दहा मिनिटं उलटतपास चालला आणि त्याच दिवशी संपला. साक्षीदार जे बोलला तेच कागदावर आलं आहे ना, एवढं विचारायला न्यायाधीशाकडं सवड होती. ९४ च्या बोर्डात ती नसते.

निष्पत्ती

जानेवारी २०२४ मध्ये प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा हिस्सा किती हे ठरवणारा निकाल, झाला. आक्कांचा चौथा हिस्सा मान्य झाला, तोंडी वाटणी शाबीत नाही असा निष्कर्ष आला.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. हाच निकाल २०१७ ला लागला असता तर आक्कांना बहुतेक आठवाच हिस्सा मिळाला असता. त्यांचं लग्न १९७५ चं, त्यामुळं मुलींना हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्यातली महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती त्यांना लागू नव्हती. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच भागीदार, झाली, पण २०१५ च्या फुलावती निकालाप्रमाणं ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणं गरजेचं होतं; आक्कांचे वडील १९९८ लाच गेलेले. मग वडिलांच्या काल्पनिक हिश्श्यातून (ते गेले तेव्हा वाटप झालं असं धरून काढलेल्या) आणि पुढं आईच्या हिश्श्यातून येईल तेवढंच, म्हणजे ९ एकरांत १ एकर ५ गुंठे. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वडील हयात असण्याची अट काढून टाकली, आणि हिस्सा २ एकर १० गुंठे झाला. त्याच निकालात हेही आलं की तोंडी वाटणीचा बचाव सार्वजनिक दस्तऐवजांच्या भक्कम आधाराशिवाय मानता येणार नाही. अण्णांकडं वाटणीचा फेरफार नव्हता. सातबारा न फुटता एकत्रच चालत आलेला. मामांची साक्ष हुकल्यानं पडलेलं भगदाड असं बुजलं.

म्हणून उशीर फायद्याचा ठरला, असं काही जण मला म्हणाले. मला ते पटत नाही. धाकट्या बहिणीचा हिस्साही याच निकालानं दुप्पट झाला, पण तो बघायला ती नव्हती. कायदा आक्कांच्या बाजूनं बदलला. तो उलटाही बदलू शकला असता. मग मामांची साक्ष नसताना आमच्या हातात काहीच उरलं नसतं.

अण्णांनी जिल्हा न्यायालयात अपील केलं. पण आता बोलण्याचा सूर वेगळा होता. हातात हुकूमनामा असलेली बहीण आणि तारखांवर फिरणारी बहीण यांच्याशी भाऊ एकाच पद्धतीनं बोलत नाही. वर्ष संपायच्या आत लोकअदालतीत तडजोड झाली: रस्त्याच्या कडेची दोन एकर आक्कांना, विहीर अण्णांकडं, विकलेली एकर अण्णांच्या हिश्श्यात धरायची. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळं गोष्ट तिथं संपली. भूमी अभिलेखची मोजणी, दगड रोवणं, फेरफार यात आणखी काही महिने गेले. २०२५ मध्ये आक्कांचं नाव स्वतंत्र सातबाऱ्यावर आलं. मध्यस्थीला २०१८ मध्ये “बघू” म्हणालेले अण्णाच सहीला आधी आले होते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक आमची. संहितेच्या आदेश १८ मधल्या नियम १६ प्रमाणं पुरेसं कारण असेल तर साक्षीदाराची साक्ष त्याची पाळी येण्याआधी, लगेच घेता येते. कैफियत दाखल होऊन तोंडी वाटणीचा बचाव समोर आला त्या महिन्यातच मामांसाठी तसा अर्ज द्यायला हवा होता. त्यांना कोर्टात येणं जड झाल्यावर आदेश २६ खाली कोर्ट कमिशनर नेमून घरी साक्ष नोंदवता आली असती. दोन्ही तरतुदी आम्हाला पाठ होत्या. पण बोर्डाची सवय झाली की वकीलही कोर्टाच्या चालीनं चालायला लागतो. ‘पाळी येईल तेव्हा बघू’ हे अण्णांचं “बघू” आमच्याही तोंडात बसलं होतं.

दुसरं, ८७ पैकी ज्या ९ तारखा आम्ही घेतल्या त्यांतल्या निदान सहा टाळता आल्या असत्या.

तिसरं, जादा कोर्ट सुरू करताना न्यायाधीश येण्याआधी दोन महिने कोणत्या फाईली वर्ग होणार याची यादी लागली असती आणि नोटिसा आधीच निघाल्या असत्या, तर पहिल्या पाच तारखा वाया गेल्या नसत्या. लघुलेखक आणि बेलिफ नसलेलं कोर्ट म्हणजे बैल आहे आणि जू नाही. वकील संघानंही मागणी करताना स्वतःला विचारायला हवं होतं की दोन कोर्टांत एकाच वेळी उभं राहायला आपल्याकडं माणसं आहेत का. आता दोन्ही कोर्टांच्या साक्षींचे दिवस वेगळे ठेवावेत अशी विनंती संघानं केली आहे आणि बऱ्याच अंशी ती पाळली जाते.

मुंबईच्या पर्यायाबद्दलही आज वेगळं बोलावं लागेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरसह सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं आहे. इथल्या वकिलांनी त्यासाठी किती वर्षं रस्त्यावर काढली हे आम्हाला माहीत आहे, आणि आक्कांसारख्या पक्षकाराचा रात्रीचा प्रवास त्यानं वाचला. पण कोल्हापुरात बसणारे न्यायमूर्ती मुंबई उच्च न्यायालयाच्या ९४ मंजूर पदांतलेच आहेत, आणि ती ९४ कधी पूर्ण भरलेली नसतात. अंतर कमी झालं. न्यायमूर्तींचे तास अजून वाढायचे आहेत.

आमच्या ऑफिसात आता नवीन दावा आला की पहिल्याच दिवशी साक्षीदारांची वयं लिहून घेतो. सत्तरीच्या पुढचा कुणी असेल तर फाईलवर लाल चिठ्ठी लागते आणि कैफियत आल्याबरोबर नियम १६ चा अर्ज जातो. मागच्या वर्षी असाच एक अर्ज त्याच जादा कोर्टात दिला. साक्षीदार ७९ वर्षांचे, कानानं अधू. साहेबांनी त्यांना डायसजवळ बोलावून घेतलं, दोन्ही बाजूंचे प्रश्न स्वतः मोठ्यानं सांगितले. सरतपास आणि उलटतपास मिळून पन्नास मिनिटांत साक्ष पूर्ण झाली.